.22 च्या नळीत जॅग आणि चिंदी अडकलीय, गोळी मारून काढली तर चालेल का?

नेम_चुकला_पुन्हा, कोल्हापूर

मंडळी नमस्कार, इथं वाचतो बऱ्याच दिवसांपासून पण लिहितोय पहिल्यांदा आणि तेही असली लाजिरवाणी गोष्ट घेऊन. माझ्याकडे .22 ची जुनी जर्मन मॅच रायफल आहे, बोल्ट ॲक्शन सिंगल शॉट, सेकंडहँड घेतलेली, लायसन्सवर चढवलेली, सगळं रीतसर. 50 मीटर प्रोन (पालथं पडून) मारतो. स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसचं मेडल घेतल्यावर आमच्या गावात जे एकदम अंगात आलं त्यातला मी नाही, त्याच्या आधीपासून मारतोय, फक्त लागत नाही एवढंच.

तर रविवारी रेंजवरून आलो आणि साफसफाईला बसलो. विकतचे पॅच (नळी पुसायच्या चिंद्या) संपलेले, म्हणून घरातल्या जुन्या बनियनचे तुकडे कापले. पहिला तुकडा जॅगवर (रॉडच्या टोकाचा भाग, चिंदी त्याच्यावर बसते) सैल वाटला म्हणून शहाणपणा केला आणि दोन एकावर एक लावले. ब्रीचकडून, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाकडून ढकलला, निम्म्याच्या पुढं गेला आणि बसला. मी जोर लावला. माझा रॉड तीन तुकड्यांचा ॲल्युमिनियमचा, स्क्रूनं जोडायचा, तो जॅगच्या आट्यापाशीच कट्कन मोडला. आता पितळी जॅग, त्याच्यावर बनियनचे दोन तुकडे आणि मोडक्या आट्याचा खुंट असं सगळं आत. तोंडाकडून उदबत्तीची काडी घालून मोजलं तर साधारण 17 सेंटिमीटर आत आहे.

आत्तापर्यंत केलेले उद्योग: पडद्याची स्प्रिंग घालून हूकनं ओढायचा प्रयत्न (हूक सरळ झाला), मग जुन्या छत्रीची सळई घातली, आत कर्र आवाज आला तसा घाबरून थांबलो. मेव्हणा म्हणतो लाकडाची गोल काठी घालून ठोक. रेंजवरचा एकजण म्हणतो, अरे चिंदीच आहे, एक गोळी मार जाईल उडून. दुसरा म्हणतो काडतुसातली शिशाची गोळी काढून टाक आणि नुसत्या दारूवर उडव, काही होत नाही.

स्पर्धा नऊ दिवसांवर आहे. काय करू?

पितळ_आणि_तेल, पुणे

पहिली गोष्ट, गोळी मारायची नाही. नुसत्या दारूवरही नाही. ज्यानं सांगितलं त्याच्या शेजारच्या लेनवर पडून मारू नका ही दुसरी गोष्ट.

का ते सांगतो कारण "चिंदीच तर आहे" हे मीही एकेकाळी म्हणायचो. .22 ची गोळी 40 ग्रेनची म्हणजे साधारण 2.6 ग्रॅम, मऊ शिसं, मॅचची गोळी सेकंदाला 320-330 मीटरनं जाते. समोर आलेली वस्तू मऊ असली तरी तिला जागेवरून हलायला वेळ लागतो आणि गोळीकडे तो वेळ नसतो. गोळीचा वेग एकदम पडतो, शिसं आडवं पसरतं, मागून गॅस ढकलायचा थांबत नाही, आणि नळी नेमकी तिथंच बाहेरच्या अंगाला फुगते. आत बघितलं तर बांगडी ठेवल्यासारखं काळं वर्तुळ दिसतं. मॅच बॅरल जाड असते त्यामुळे बाहेरून हात फिरवून काही कळत नाही, पण पॅच ढकलताना त्या जागी हाताला एकदम सैल लागतं, जिन्याची एक पायरी नसल्यासारखं. ती नळी गेली. .22 काडतुसाची दाबाची कमाल मर्यादा 24,000 पीएसआय आहे, आपण गाडीच्या टायरात 32-33 भरतो, यावरून काय ते समजा. आणि तुमच्याकडे तर चिंदीच्या पोटात पितळ आहे.

नुसत्या दारूची आयडिया तर त्याहून भारी. गोळी काढली म्हणजे काय, मग जॅग हीच गोळी झाली ना. शिवाय ते रिमफायर काडतूस आहे, स्फोटक मसाला काठात भरलेला असतो, पकडीनं गोळी उपसायला जाल आणि काठ दाबला जाईल. बोटं लागतात पुढे ट्रिगर दाबायला.

आता काय करायचं ते.

बोल्ट काढा आणि दुसऱ्या खोलीत ठेवा, काडतुसं तिसऱ्या खोलीत. शक्य असेल तर ॲक्शन, म्हणजे बोल्ट बसतो तो लोखंडी भाग, लाकडी स्टॉकमधून सोडवा, दोन स्क्रूंचा मामला आहे, नाहीतर तेल उतरून ट्रिगरमध्ये आणि स्टॉकमध्ये मुरतं आणि मग त्याचं वेगळं रडगाणं. चेंबरमध्ये (काडतूस बसतं ती जागा) कापसाचा बोळा हलकाच लावा, तोंड वर करून रायफल कोपऱ्यात उभी करा आणि तोंडातून पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, चहाच्या चमच्यानं दोनेक चमचे. रात्रभर राहू दे. सकाळी बोळा काढून उलटी करा, तोंडाखाली फडकं ठेवून ब्रीचकडून तेवढंच सोडा, परत रात्रभर. खरं काम हेच आहे, पुढचं ठोकणं वगैरे दोन मिनिटांचं. लोक उलटं करतात, दोन मिनिटं तेल आणि दोन दिवस ठोकणं.

मग पितळी सळई. तुमच्या नळीत रायफलिंगच्या (आतल्या पीळदार खाचांच्या) दोन समोरासमोरच्या उंचवट्यांमधलं अंतर साडेपाच मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे 5 मिलिमीटरची सळई घ्या. 3 ची घेऊ नका, ती आत धनुष्यासारखी वाकते आणि वाकलेली सळई रायफलिंगवर घासते, वर जॅगच्या बाजूला घुसून बसली तर अडकलेल्या दोन वस्तू काढायला लागतील. लांबी एक मीटर, कारण नळी 69 सेंटिमीटर धरली तर मागच्या ॲक्शनचे वीसेक आहेत. सळईचं टोक एकदम सपाट, काठ घासून गुळगुळीत. दर पंधरा सेंटिमीटरवर मास्किंग टेपचा एकेक वेढा, म्हणजे सळई मधोमध राहते आणि नळीच्या भिंतीला लागत नाही.

ढकलायचं ब्रीचकडून, तोंडाच्या दिशेनं. तोंडाकडून मागे ढकलावं असं वाटतं पण हिशोब करा, पुढे 17 सेंटिमीटर जायचंय आणि मागे 52. आणि जॅगवरची चिंदी मागच्या बाजूला लोळलेली असते, उलटं ढकललं की ती दुमडून दुप्पट जाड होते. कुत्र्याच्या केसांवरून उलटा हात फिरवल्यासारखं. (पितळी जॅग पुढे सरकत नसेल तरच दुसरी बाजू.)

हातोडी प्लास्टिकची किंवा लाकडी मोगरी. टक टक टक. एक जोराचा घाव घालायचा नाही. दहा-बारा टकटकींनी हललं नाही तर थांबा, परत तेल, परत रात्र.

आणि छत्रीच्या सळईचं नंतर बोलू.

मामा_काणे

लाकडी काठी का नको? माझ्या एअरगनला मी बांबूची काठीच वापरतो.

पितळ_आणि_तेल, पुणे

@मामा_काणे कारण लाकूड रेषेत तिरकं चिरतं. ठोकलं की चिरलेले दोन तुकडे एकमेकांवर चढतात आणि पाचर बसते, आणि पाचर कशासाठी असते ते सुताराला विचारा. एअरगनमध्ये नुसतं ढकलताय म्हणून निभतंय.

उद्यमनगर_लेथ

मालक, कोल्हापूरचेच आहात तर घेऊन या शॉपवर, लेथला बॅरल धरून पाच मिनिटांत काढून देतो. असले भोकात मोडलेले टॅप (आटे पाडायची हत्यारं) रोज काढतोय.

सुभेदार_रिटायर्ड

लेथवाले बंधू, तुमच्या हातात कला आहे यात शंका नाही पण हे काम घेऊ नका आणि यांनीही देऊ नये. आर्म्स ॲक्ट 1959 चं कलम 5 बघा, बनवणं विकणं यांच्याबरोबर दुरुस्ती सुद्धा त्यात आहे, त्याला वेगळं लायसन्स लागतं. लायसन्सधारकाची रायफल वर्कशॉपमध्ये टेबलावर पडलेली कोणी बघितली तर दोघांची पंचाईत. न जमलं तर लायसन्सवाल्या गनस्मिथकडे, सोबत स्वतःचं ओरिजनल लायसन्स घेऊन, स्वतः जायचं.

बाकी पितळ_आणि_तेल साहेबांनी बरोबर सांगितलंय. मी थोडं जुनं सांगतो. आमच्या वेळी .303 होती, आणि नंतर एनसीसीच्या पोरांना .22 शिकवताना पण तेच. रॉड नाही, फुलथ्रू. दोरी, एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाला फासे. चिंदीचं माप पाठ असायचं, सुकी सफाई 4 बाय 2 इंच, तेलासाठी 4 बाय दीड. तेलाची लहान का? कारण तेल पिऊन चिंदी फुगीर चालते. ते माप कोणी उगाच काढलेलं नव्हतं. आणि .303 च्या फुलथ्रूला तीन फासे असायचे, वजनाकडून पहिला जाळीचा, दुसरा चिंदीचा, आणि तिसरा रिकामा. रिक्रूट विचारायचे उस्ताद तिसरा कशाला. तिसरा यासाठी की चिंदी अडकलीच तर त्याला दुसरी दोरी बांधून मागच्या मागे ओढून काढता यावी. म्हणजे ज्यानं ती दोरी बनवली त्याला माहीत होतं की जगात बनियनवाले पण असणार!

एका कॅम्पला एका पोरानं चिंदीच्या जागी रुमाल भरला होता, अख्खा. दोरी तुटली. त्याला वाटलं कोणाला कळणार नाही, रायफल कोतात (शस्त्रं ठेवायच्या खोलीत) जमा करून मोकळा. दुसऱ्या दिवशी फायरिंग होतं. नशीब की आम्ही फायरिंगच्या आधी प्रत्येक नळी उजेडाकडे धरून बघायचो, त्या नळीतून उजेड आला नाही. त्या पोराला मी किती फ्रंट रोल मारायला लावले ते सांगत नाही, पण आज तो आजोबा झालाय आणि अजून फोन करतो.

आणखी एक, दोरी ओढताना सरळ ओढायची. तिरकी ओढली की तोंडाच्या काठाला घासते, दोरीनं सुद्धा पोलाद झिजतं, विहिरीच्या काठाला पोहऱ्याच्या दोरानं पडलेल्या खाचा बघितल्या असतीलच.

सावंतवाडीकर

आमच्याकडे शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक आहे, आजोबांच्या नावावरून बाबांच्या नावावर आलेली. हा प्रकार आम्हाला नवा नाही, फडकं गजावरून सुटून तळाशी राहतं. ठासणीला मागून उघडायची सोयच नाही, त्यामुळे काढायचं ते तोंडाकडूनच. गजाच्या टोकाला स्क्रूसारखं पीळदार टोक लावतात, ते फडक्यात फिरवून रुतवायचं आणि ओढायचं.

पण त्याच्या आधी आजोबा एक गोष्ट करायचे ती सांगतो. गजावर एक खूण कोरलेली, बंदूक रिकामी असताना गज तळाला टेकला की ती खूण बरोबर तोंडाशी येते. खूण चार बोटं वर राहिली म्हणजे आत काहीतरी आहे, आणि ते फडकंच आहे की बार भरलेला आहे हे गजाला कळत नाही. पावसाळ्यात भरून ठेवलेली आणि विसरलेली बंदूक साफ करायला जाऊन आमच्या बाजूला अपघात झालेत. त्यामुळे खूण वर दिसली की आधी कॅप नाही ना बघायचं आणि बार भरलाय असंच समजून वागायचं, तोंडासमोर उभं राहायचं नाही.

आणि आम्ही गरम पाणी वापरतो, काळ्या दारूची काजळी पाण्यातच सुटते. तुम्ही वापरू नका, सुती कापड पाण्यानं फुगतं.

रेंजवरची_आई, ठाणे

माझी मुलगी 10 मीटर एअर रायफल मारते, तुमच्याएवढं मोठं नाही पण आमचंही झालं होतं. सिलिंडरमधली हवा संपत आलेली, पेलेट (छर्रा) नळीतच राहिलं, टार्गेटवर काही दिसेना, तिला वाटलं मिस झालं म्हणून तिनं दुसरं मारलं. तेही आत. कोचनी तोंडाकडून रॉड घालून दोन्ही मागे ढकलून काढली, एकमेकांत घुसून बसली होती एकावर एक कप ठेवल्यासारखी. तेव्हापासून घरात नियम आहे, आवाज वेगळा आला की थांबायचं, नळीतून बघायचं. एअर रायफलला आम्ही फक्त फेल्टचे बोळे वापरतो, कापड नाहीच. एकावेळी दोन घालायचे नाहीत हे मात्र पाकिटावर लिहिलेलं नसतं!

नेम_चुकला_पुन्हा, कोल्हापूर

सगळ्यांचे आभार, बनियनवाला म्हटल्याबद्दल सुभेदार साहेबांचे विशेष.

ॲक्शन स्टॉकमधून सोडवली, काल रात्री तोंडाकडून तेल सोडलं, आज रात्री ब्रीचकडून सोडतोय. घरात सगळीकडे वास सुटलाय आणि बायकोनं विचारलंय की हे अजून किती दिवस हॉलमध्ये उभं राहणार आहे. सळईचा प्रश्न आहे, हार्डवेअरच्या दुकानात 6 ची मिळते, 5 ची कोणाकडे नाही.

उद्यमनगर_लेथ

रायफल नको आणू म्हणालात ना, बरोबर आहे, कायदा माहीत नव्हता. पण सळईला कायदा नाही. 6 ची घेऊन या, 5 ला टर्न करून देतो. एवढी बारीक आणि लांब म्हणजे स्टेडी (मधे आधार) लावून सावकाश काढावी लागेल, नाहीतर थरथरते. तोंड जरासं खोलगट करतो, बशीसारखं, म्हणजे तुमचा मोडका खुंट त्यात बसेल आणि सळई बाजूला घसरणार नाही. खुंट केवढा आहे?

पितळ_आणि_तेल, पुणे

खोलगट टोक, वा. हे मला सुचलं नव्हतं. काठ मात्र मारून घ्या, धार राहू देऊ नका.

नेम_चुकला_पुन्हा, कोल्हापूर

निघालं!!

सविस्तर लिहितो. तिसऱ्या दिवशी सकाळी बसलो. लेथवाल्या भाऊंनी सळई अशी गुळगुळीत करून दिली की ठोकायला जीव होईना, पैसे घेतले नाहीत, चहा पण त्यांनीच पाजला. टेपचे वेढे मारले, पहिल्यांदा एक वेढा जाड झाला आणि सळईच आत जाईना, तो काढून पातळ केला (कृपया हसू नका). नळी टॉवेलात गुंडाळून दोन उशांमध्ये धरली, मुलानं पुढून धरली म्हणजे तोंडासमोरून नाही, बाजूनं.

पहिल्या दहा टकटकींना काही नाही. मी थांबणार होतो. सळईवर पेनानं खूण केली होती किती आत आहे त्याची, ती बघितली तर दोन मिलिमीटर सरकलेली. तेव्हा जे वाटलं ते स्पर्धेत 600 पैकी कितीही गुण पडले तरी वाटणार नाही. परत थोडं तेल, अर्धा तास, परत टक टक. मधे एकदा घट्ट झालं, मग एकदम सैल झालं आणि शेवटचे आठ-दहा सेंटिमीटर हातानंच ढकलून निघालं. बनियनचे दोन तुकडे काळेकुट्ट, आणि जॅगच्या एका बाजूला कापडाची घडी पडून चार पदर झालेले. म्हणजे आत दोन नाही, चार पदर होते.

आता छत्रीच्या सळईचं. टॉर्च लावून बघितलं तर तोंडाजवळ आत एक बारीक चकाकती रेघ दिसतेय, दोनेक सेंटिमीटर. नखाला लागत नाही. गेली का नळी?

पितळ_आणि_तेल, पुणे

अभिनंदन. रेघ आतल्या अंगाला आहे की अगदी काठाला, म्हणजे क्राउनवर? गोळी नळी सोडते तो शेवटचा काठ महत्त्वाचा, तिथं एका बाजूला खरवड असेल तर गॅस एका बाजूनं आधी निसटतो आणि गोळीला धक्का बसतो. कानातला कापूस लावायची काडी घ्या आणि काठावरून आतून बाहेर फिरवा, सगळीकडे. कुठं धागे अडकले तर तिथं कंगोरा आहे.

आणि मारायच्या आधी दोन-तीन सुके पॅच (एकेकटे!) घालून तेल पूर्ण काढा, नळीत साठलेलं तेलही अडथळाच असतो. मग टॉर्चनं आरपार बघा. सफाईनंतर .22 ला जागेवर यायला दहा-वीस गोळ्या लागतात, पहिल्या पाचांवरून छाती पिटू नका.

नेम_चुकला_पुन्हा, कोल्हापूर

काडी फिरवली, काठाला कुठंही धागा अडकला नाही. रेघ आतच आहे.

आज रेंजवर गेलो, रेस्टवर ठेवून मारली. पहिल्या सहा गोळ्या कुठंही, एक तर आठच्या बाहेर, घाम फुटला. पंधराव्यानंतर गोळा व्हायला लागल्या आणि नंतरच्या दहा अठरा-वीस मिलिमीटरमध्ये बसल्या. दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, आणि गोळी कडेला शिवली तरी धरतात, त्यामुळे रायफलला काही झालेलं नाही. म्हणजे स्पर्धेत कमी पडले तर आता कारण शोधायला लागणार.

सुभेदार_रिटायर्ड

बनियन कुठल्या ब्रँडचं होतं ते सांगू नका, पण माप सांगा.

नेम_चुकला_पुन्हा, कोल्हापूर

नंतर मोजलं साहेब. प्रत्येक तुकडा दोन इंची चौकोन. .22 ला विकतचे येतात ते इंचभराचे.

सुभेदार_रिटायर्ड

फ्रंट रोल.

रेंजवरची_आई, ठाणे

😂 आणि नवीन रॉड एकसंध घ्या हो, तीन तुकड्यांचा नको. आमच्या क्लबमध्ये सगळ्यांकडे कोटिंग केलेला अखंड रॉड आहे, मूठ बेअरिंगवर फिरते, रायफलिंगबरोबर आपोआप वळत जातो. सोबत ब्रीचला लावायचा गाइड घ्या.

नेम_चुकला_पुन्हा, कोल्हापूर

ऑर्डर केलाय. तोपर्यंत नळीला हात लावणार नाही. पितळी सळई देवघराच्या वर ठेवलीय, बायको म्हणाली पडद्याला चांगली होईल.